फोटोंतली टोपली आणि हातांतली टोपली

दोन वर्षांपूर्वींच्या चैत्रांतली गोष्ट. आमच्या घरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें, आणि थोरल्या वहिनींच्या मनांत असें आलें कीं, यंदा सवाष्णींना प्लॅस्टिकच्या डब्या न देतां बांबूच्या परड्या द्याव्यात. मोबाइलवर एका ऑनलाइन दुकानांत त्यांनीं परड्या पाहिल्या. फोटो फारच सुरेख होता. शुभ्र पार्श्वभूमीवर एकच परडी, आणि तींत ओंजळभर पांढरीं फुलें. वहिनींनीं तीं फुलें मोगऱ्याचीं समजून पंचवीस परड्या मागविल्या. आठवड्यानें पार्सल आलें, सारें घर भोंवतीं जमलें. खोकें उघडतांच धाकट्या पुतण्यानें एक परडी उचलून तळहातावर ठेवली, तों ती तेथेंच मावली! आजी चष्मा सांवरीत म्हणाल्या, "अगो, ही परडी कसली? हिच्यांत सुपारी ठेवली तर हळकुंडाला जागा उरायची नाहीं." सारीं हंसलीं, पण वहिनींचा चेहरा उतरला. मग फोटो पुन्हां नीट पाहिला तेव्हां उलगडा झाला. फुलें मोगऱ्याचीं नव्हतीं, जुईचीं होतीं.

दुकानदारानें खोटें असें कांहींच लिहिलें नव्हतें. चित्राखालीं बारीक अक्षरांत परडीचा व्यास नऊ सेंटिमीटर असल्याचें दिलेलें होतें. फसवणूक शब्दांनीं केली नव्हती, चित्रानें केली होती. आणि ती जाणूनबुजून केली असेंहि आम्हांला वाटत नाहीं. फोटो काढणाऱ्यानें परडी जवळून घेतली, भोंवतालचें सारें पुसून टाकलें आणि तुलनेला ओळखीची वस्तु ठेवली नाहीं, इतकेंच. पण त्या इतक्यामुळेंच पंचवीस परड्या कपाटांत पडून राहिल्या.

आम्ही हा प्रसंग विसरूनहि गेलों असतों; परंतु पुढें थोड्याच महिन्यांनीं फोटो काढणाऱ्याच्या जागीं उभें राहण्याची पाळी आमच्यावरच आली, आणि त्या परड्यांच्या दुकानदाराला हंसण्याचा आमचा अधिकार संपला. ती हकीकत आणि तींतून शिकलेल्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, म्हणून हा लेख.

शहापूर-मुरबाडचा मुलूख

मुंबईकर ज्या तानसा आणि भातसा तलावांचें पाणी पितात ते दोन्ही शहापूर तालुक्यांत आहेत. म्हणजे त्या मुलखाचें पाणी आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं रोज येतें. तेथल्या माणसांच्या हातचें काम मात्र क्वचितच येतें. मध्य रेल्वेच्या आसनगांव स्टेशनावर उतरलें कीं माहुलीचे सुळके समोर दिसतात. मुरबाडला जावयाचें तर कल्याणहून एस्. टी. धरावी लागते. त्याच तालुक्याच्या कडेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांतला माल याच वाटेनें जुन्नरकडे चढत असे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजहि दाखविला जातो. तेव्हां हा मुलूख व्यापाराला नवखा आहे असें कोणी समजूं नये. पौषी पौर्णिमेला म्हसा येथें जी मोठी जत्रा भरते, तिच्या बैलबाजारांत शेतकरी बैलाचे दांत पाहून, पाठीवर थाप मारून, चार पावलें चालवून मगच सौदा करतो. जुना व्यापार असा हातानें होत असे.

नवा व्यापारहि तेथें पोंचला आहे. मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव डिसेंबर २०१६ मध्यें राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर झालें होतें. २०२० सालीं साथीच्या दिवसांत शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका संस्थेनें केंद्र सरकारच्या वनधन योजनेच्या आधारानें रानांतली गुळवेल गोळा केली आणि ती औषधी कंपन्यांना तर विकलीच, पण ऑनलाइनहि विकली. आदिवासी कारागिरांच्या मालासाठीं ट्रायफेडनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत स्वतंत्र ऑनलाइन बाजार उघडला. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा समाजांच्या या मुलखांत बांबूच्या टोपल्या, सुपें, रोवळ्या विणणारे हात आहेत, वारली चित्रें काढणारे हात आहेत, गोधड्या शिवणारे हात आहेत. बाजार मोबाइलमध्यें आला. पण मोबाइलमध्यें ग्राहकाला थाप मारून पाहतां येत नाहीं. त्याचा हात म्हणजे तेथें फोटो. तो खरा असेल तर दोनशें मैलांवरची सूनबाईहि विश्वासानें पैसे पाठवील; खोटा असेल तर ती एकदांच फसेल, पुन्हां येणार नाहीं.

आमची चूक

आमच्या परिचयांतील एक शिक्षिका मुरबाडकडील एका पाड्यावरच्या महिला बचत गटाला सुटीच्या दिवशीं मदत करीत. गटाच्या टोपल्या ऑनलाइन विक्रीस ठेवावयाच्या होत्या. "तुमच्या घरीं चांगला मोबाइल आहे, मुलांना त्यांतलें कळतें, एवढे फोटो तुम्हीं काढून द्या," असा त्यांनीं निरोप धाडला. आम्ही मोठ्या उत्साहानें गेलों. सकाळींच विणून झालेल्या, ओल्या हिरव्या बांबूच्या टोपल्या ओळीनें मांडून ठेवल्या होत्या. त्यांचा हिरवा रंग आम्हांला इतका आवडला कीं, घरीं आल्यावर मोबाइलच्या ॲपवर तो आणखी दोन घरें वाढविला. मागची शेणानें सारवलेली जमीन आम्हांला ओंगळ वाटली, म्हणून एका बटणानें ती काढून टाकली आणि पांढरी पार्श्वभूमी लावली. फोटो पाहून घरांतलीं सारीं खूष झालीं.

पहिली टोपली पंधरा दिवसांत परत आली. ग्राहकानें एकच ओळ लिहिली होती : फोटोंत हिरवी, हातांत पिवळी. बांबू वाळला कीं हिरवा राहत नाहीं, गवती पिवळा होतो, हें त्या पाड्यावरच्या पोरासोरांना ठाऊक होतें, आम्हांलाच नव्हतें. जाण्यायेण्याचा खर्च टोपलीच्या किंमतीहून अधिक झाला. तो आम्हीं भरून दिला. परंतु गटाच्या नांवाखालीं उमटलेली ती ओळ पुसणें आमच्या हातीं नव्हतें, आणि ती वाचून किती जणींनीं पाऊल मागें घेतलें असेल तें कोणास कळणार?

पुढच्या खेपेस वहिनी बरोबर होत्या. त्यांनीं फोटो टोपली विणणाऱ्या बाईंनाच दाखविला. त्यांनीं मोबाइल हातांत घेऊन बराच वेळ पाहिलें आणि शांतपणें म्हणाल्या, "ताई, ही टोपली माझी न्हाय."

"अहो, तुमचीच आहे. त्या दिवशीं नाहीं का आम्हीं फोटो काढला?"

"माझी अशी हिरवी ऱ्हात न्हाय. अन् हिचा कांठ कुठं गेला?"

आम्हीं चित्र मोठें करून पाहिलें. पार्श्वभूमी काढणाऱ्या त्या बटणानें कांठावरच्या बारीक विणीचा एक वेढा पार्श्वभूमीबरोबरच खाऊन टाकला होता. त्या बाईंचें अर्ध्या सकाळचें काम आमच्या एका बोटानें नाहींसें झालें होतें, आणि तें आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

त्या दिवसापासून आम्हीं एक कसोटी ठरविली. विकणाऱ्या वस्तूचा फोटो दोन माणसांनीं ओळखला पाहिजे : जिनें ती केली तिनें, आणि ज्याच्या हातीं ती पडेल त्यानें. या दोहोंपैकीं एकानें जरी "ही ती नव्हे" असें म्हटलें, तर फोटो कितीहि सुंदर असो, तो टाकून द्यावा. पुढील सूचना या कसोटींतूनच आलेल्या आहेत.

उजेड आणि माप

पहिली गोष्ट उजेडाची. भर उन्हांत वस्तूच्या एका बाजूस लख्ख पांढरें आणि दुसरीस काळें ठिक्कर दिसतें. मोबाइलच्या फ्लॅशनें तर विणीचा उंचसखलपणाच मरतो. पडवींत, ओटीवर किंवा खिडकीशीं, जेथें ऊन थेट येत नाहीं पण आकाश दिसतें, तेथें वस्तु ठेवावी. ऊन येतच असेल तर खिडकीवर आजोबांचें धुतलेलें धोतर ताणून बांधावें. उजेड दुधासारखा मऊ होतो. उजेड एका बाजूनें यावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे सांवली उजळते पण वीण डोळ्यांना दिसत राहते. घरांतला पिवळा दिवा मात्र त्या वेळीं मालवावा. दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आले कीं कोणताच रंग खरा येत नाहीं.

पार्श्वभूमीसाठीं चित्रकलेचा मोठा पांढरा कागद भिंतीला टेकवून, घडी न पाडतां पुढें वळवावा. त्यावर वस्तु ठेवली कीं मागें रेघ दिसत नाहीं, आणि यंत्राकडून पार्श्वभूमी कापवून घेण्याचें कारणच उरत नाहीं. येथें कॅमेऱ्याचा एक स्वभाव लक्षांत ठेवावा. समोर पांढरेंच फार दिसलें म्हणजे तो त्यास राखट करून टाकतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढविला कीं पांढरें पांढरें दिसतें. फोटो घेण्यापूर्वीं कॅमेऱ्याची कांच स्वच्छ पुसावी. कणकेचा किंवा तेलाचा हात लागलेली कांच साऱ्या मेहनतीवर धुकें पसरते.

फार जवळ जाऊं नये. जवळून घेतलेल्या फोटोंत टोपलीचा पुढचा कांठ फुगतो, तळ चिमुकला होतो आणि गोल टोपली लंबवर्तुळ दिसते. दोन हात मागें सरकावें. मोबाइलला दूरचें पाहण्याची वेगळी कांच असल्यास ती वापरावी.

आणि माप! आमच्या घरच्या परड्यांचें सारें रामायण येथेंच झालें. निदान एका फोटोंत तरी वस्तूशेजारीं सर्वांच्या ओळखीची, ठराविक आकाराची वस्तु असावी. फुलें नकोत, तीं लहानमोठीं असतात. फूटपट्टी, रुपयाचें नाणें किंवा माणसाचा हात यांपैकीं कांहींहि चालेल. सर्वांत उत्तम म्हणजे ती वस्तु ज्या कामाची, त्याच कामांत दाखवावी : रोवळींत धुतलेले तांदूळ, परडींत नारळ. गृहिणीला सेंटिमीटरपेक्षां नारळ लवकर कळतो.

एकाच फोटोवर भागवूं नये. समोरून, बाजूनें, तळाकडून, कांठाची वीण जवळून, आणि वापरांत, असे पांच तरी असावेत. तळ दाखविण्यास पुष्कळ जण कचरतात. पण जुनी माणसें दुकानांत टोपली घेतांना आधीं उलटी करूनच पाहत, हें आपण विसरतों.

दुरुस्ती कोठवर करावी

आतां संस्काराची गोष्ट, म्हणजे काढलेला फोटो मोबाइलवर किंवा संगणकावर नीट करण्याची. ही कला आजची नव्हे. जुन्या स्टुडिओंत कांचेच्या प्लेटेवर पेन्सिलीनें सुरकुत्या झांकणारे आणि छापलेल्या फोटोवर हातानें रंग भरणारे कारागीर असत. आपल्या दिवाणखान्यांतील एखाद्या पणजीबाईंच्या शालूची जर अशीच कुंचल्यानें विणलेली असण्याचा संभव आहे. मुंबईत १८५४ सालींच छायाचित्रकारांची सोसायटी निघाली होती. त्या सुमारास मुंबईंत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें १८६३ आणि १८६६ सालीं मुंबईंतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन भाग प्रसिद्ध केले. त्यांत माणसें एकीकडे टिपलेलीं आणि मागची देवळें, रस्ते, झाडें दुसरीकडे टिपलेलीं, असें जोडकाम आहे. पाहणाऱ्याला मात्र माणूस तेथेंच उभा होता असें वाटतें. म्हणजे आज जें एका बटणानें होतें, तें आपल्याच शहरांत दीडशें वर्षांपूर्वीं कात्रीनें होत होतें. साधन बदललें, प्रश्न तोच राहिला.

आमच्या मतें मर्यादा अशी असावी. कॅमेऱ्यानें केलेली चूक सुधारावी. वस्तूंत नसलेला गुण घालूं नये आणि असलेली खूण पुसूं नये. वांकडा आलेला फोटो सरळ करणें, भोंवतालची मोकळी जागा कातरणें, निळसर किंवा पिवळसर झालेला कागद पुन्हां पांढरा दिसेल इतका रंग सावरणें, कागदावरचा धुळीचा कण काढणें, या साऱ्या रास्त दुरुस्त्या. रंग भडक करणें, विणींतली गांठ पुसणें, बारीक टोपली भरघोस करणें, या लबाड्या. बांबूवरचा काळसर डाग हा बांबूचाच असेल तर तो राहूं द्यावा. हातच्या कामांत दोन नग तंतोतंत सारखे नसतात, आणि ग्राहक पैसे देतो तो त्यासाठींच.

बांबूची वस्तु पुरी वाळल्यावरच फोटो घ्यावा, हें आतां आमच्याकडून कोणी वेगळें ऐकायला नको. पावसाळ्यांत ढगाळ आकाशाचा उजेड फोटोला सर्वोत्तम असतो, परंतु त्याच दिवसांत बांबूवर बुरशी धरते. म्हणून माल उबेला ठेवून, कोरडा करून मग बाहेर आणावा.

वारली चित्रांची तऱ्हा थोडी निराळी. मूळची कला भिंतीवरची, गेरूच्या तांबड्या सारवणावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांची. ती कागदावर आणून जगापुढें नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यांतल्या गंजाडचे. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते वारले. डहाणू तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षणहि आहे. असें चित्र फोटोंत घेतांना मोबाइल चित्राच्या अगदीं समोर, समांतर धरावा, नाहींतर चौकोनाचा पतंग होतो. चित्राला कांच असेल तर ती काढूनच फोटो घ्यावा. एक फोटो इतक्या जवळून असावा कीं, रेषेंतला कुंचल्याचा जाडबारीकपणा दिसेल. बाजारांत छापील वारली कापड पुष्कळ आहे, आणि हातचें काम ओळखण्याची ग्राहकाजवळ तेवढीच एक खूण असते. चित्र कापडावर आहे कीं कागदावर, रंग पिठाचा आहे कीं बाजारचा, हें शब्दांनीं लिहावें. प्रत्येकाच्या मोबाइलचा पडदा रंग थोडा वेगळा दाखवितो, म्हणून "गेरूसारखा तांबडा" असे दोन शब्दहि चित्राखालीं असूं द्यावे.

कांहीं मोठ्या बाजारांचे स्वतःचे नियम असतात. ॲमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी निखळ पांढरी लागते, वस्तूनें चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि चित्र मोठें करून पाहतां यावें यासाठीं त्याची बाजू निदान १००० पिक्सेलांची असावी लागते. हें पाळावेंच. परंतु मुख्य चित्र एकच असतें. पुढच्या चित्रांत सारवलेली जमीन, ओटी आणि हात यांना मज्जाव नाहीं.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें निघालीं आहेत. टोपलीचा एक फोटो द्यावा, कीं तीं तिला संगमरवरी टेबलावर, पडद्याच्या झुळुकेंत नेऊन बसवितात. हें करतांना तीं विणीचे वेढे मोजीत नाहींत. कधीं एक वाढवितात, कधीं दोन गाळतात, आणि जी टोपली कोणीच विणली नाहीं ती विकावयास ठेवतात. फुकट मिळतें म्हणून हें घेऊं नये; त्याचें बिल पुढें येतें. २०२० च्या ई-कॉमर्स संबंधींच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणें, जाहिरातींत दाखविल्यासारखी वस्तु नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देतां येत नाहीं. कायदा ग्राहकाच्या बाजूनें आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु परतीचें ओझें मात्र पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावर पडतें, हें फोटो सजविणाऱ्यानें विसरूं नये.

माणसांचे फोटो

वस्तूबरोबर ती करणाऱ्या माणसाचाहि फोटो द्यावा असा प्रघात आहे आणि तो चांगला आहे. परंतु तिला आधीं विचारावें, फोटो कोठें जाणार तें सांगावें, आणि ती नको म्हणाली तर तो विषय तेथेंच संपवावा. शोभेसाठीं पेटींतले दागिने घालावयास लावूं नयेत, कीं दया यावी म्हणून फाटकें लुगडेंहि शोधूं नये. मुरबाड तालुक्यांतल्याच फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यांतल्या, पाटी घेऊन बसलेल्या त्या आजींचे फोटो जगभर गेले. त्यांत कोणी कांहीं सजविलें नव्हतें. शाळेचा गणवेश होता, पाटी होती आणि शिकण्याचा आनंद होता. तेवढेंच पुरलें.

आमच्या सुशिक्षित घरांतून आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातीं उत्तम कॅमेरा आहे, आणि तो बहुधा वाढदिवसाचा केक टिपण्यांत झिजतो. आपल्या ओळखींतल्या एखाद्या गटासाठीं महिन्यांतून एक रविवार तो खर्चीं पडला तर काय वाईट? मुलांनीं फोटो काढावे, सुनांनीं मापें घेऊन वर्णन लिहावें, आणि आजींनीं "ही वस्तु आपण घेऊं का?" एवढें सांगावें, आजींच्या नजरेंतून खोटें सहसा सुटत नाहीं. आणि सर्वांत शेवटीं, फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वीं, तो वस्तु करणारणीला दाखवावा.

आम्हीं दुसऱ्या खेपेचे फोटो त्या बाईंच्याच ओटीवर, त्यांच्याच धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर काढले. टोपली आठ दिवस वाळलेली होती, म्हणजे पिवळीच होती. त्यांनीं चित्र पाहिलें, बोटानें मोठें करून कांठ मोजला, आणि मोबाइल परत देत म्हणाल्या, "हां. ही माझी." मागणी त्यानंतर फार मोठी आली असें नाहीं, पण जेवढ्या टोपल्या गेल्या त्यांतली एकहि आजवर परत आलेली नाहीं.

यंदाच्या चैत्रांत आमच्या घरच्या परड्या त्याच पाड्यावरून आल्या. फोटोंत नारळ ठेवलेला होता. पार्सल उघडल्यावर आजींनीं देवघरांतून नारळ आणवून परडींत ठेवून पाहिला. तो बेताचा बसला. "हं," त्या म्हणाल्या, "हिला परडी म्हणावें," आणि वहिनींनीं ती तशीच उचलून गौरीपुढें ठेवली.